खिडकीपर्यंतचा दोरा

माझी कापडी पिशवी अजून दारामागच्या खिळ्याला टांगलेली आहे. आत एक पांढरी साडी, मेणबत्त्यांचं पाकीट, उदबत्ती, पितळी तांब्या, एक ताटली, स्टीलचा पेला आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. ही पिशवी घेऊन पेण ते रोहा या पट्ट्यात मी किती घरांचे उंबरे ओलांडले, त्याचा हिशोब मी ठेवलेला नाही. बारसं असो, लग्न असो, नव्या घरात प्रवेश असो नाहीतर घरातलं कोणी गेलेलं असो, पिशवी तीच आणि साडीही तीच. आमचे हे म्हणायचे, "तू साडी नेसून निघालीस की शेजाऱ्यांना कळत नाय, हसून निरोप द्यायचा का तोंड पाडून." आता गुडघ्यांनी संप पुकारलाय. रामवाडीच्या आमच्या विहारात चालत जाते तेवढंच, लांबची बोलावणी नव्या मुलांकडे दिली आहेत. पण पिशवी खिळ्यावरून काढायला हात होत नाही.

मी बौद्धाचार्य. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्यात विधी भन्तेजी करतात, पण प्रत्येक गावात भन्ते कुठून आणणार? म्हणून माझ्यासारखी घरसंसारातली माणसं शिबिरात बसून शिकतात आणि विहाराच्या वतीने हे काम करतात. आम्ही पुरोहित नव्हे. मुहूर्त काढत नाही, पत्रिका बघत नाही, वरच्याशी कोणाची गाठ घालून देत नाही. आदर्शांच्या प्रतिमांपुढे मेणबत्ती लावायची, त्रिशरण-पंचशील द्यायचं, पालीतल्या गाथा म्हणायच्या आणि त्यांचा अर्थ मराठीत असा सांगायचा की मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही तो कळला पाहिजे. मोबदल्यात चहा मिळतो, तोही बहुतेक वेळा गार झालेला.

पोटापाण्यासाठी मी रोह्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. पेणहून गाडीने जायचं, गाडी चुकली तर एसटी. शिफ्ट सुटली की कंपनीच्या बाथरूममध्ये युनिफॉर्म उतरवून पांढरी साडी नेसायची आणि रोह्यात जिथे बोलावणं असेल तिथे जायचं. अशीच एकदा एका घरी पोचले तर यजमान माझ्या पाठीमागे रस्त्याकडे बघत उभे.

"आचार्य मागून येतायत?"

"मीच आचार्य."

"नाय, म्हंजे तुमचे मिस्टर?"

"ते घरी भात लावतायत," मी म्हटलं आणि आत शिरले. हे खोटं नव्हतं. त्या घरचा गृहप्रवेश झाला, माणसं समाधानी झाली, आणि स्वयंपाकघरात गॅसच्या टाकीमागे लपवलेलं लिंबू-मिरचीचं झुंबर मला दिसलं. यजमानीणबाईंना एवढंच म्हटलं, चहा नको, ऊन फार आहे, ते लिंबू सोडवून सरबत करा. तिने केलं. आम्ही दोघी ते प्यायलो आणि पुढे चांगल्या मैत्रिणी झालो.

पण मजेपेक्षा दुःखाची बोलावणी जास्त. एका घरी नवरा गेलेल्या मुलीच्या बांगड्या फोडायला म्हणून कोणी लांबची आत्या पाटा-वरवंटा घेऊन पुढे आली. आमच्यात हे करत नाहीत, तरी जुन्या माणसांच्या हाताला सवय. भांडायची ती वेळ नव्हती. मी जाऊन त्या पाट्यावर बसले आणि गाथा सुरू केल्या. संपेपर्यंत उठले नाही. आत्याबाई वरवंटा हातात धरून उभ्या राहिल्या, शेवटी कंटाळून तो खाली ठेवला. त्या मुलीच्या हातात बांगड्या राहिल्या, याचा मला आजही अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

सरकारी दवाखान्यातही विहाराकडून आम्ही बायका जायचो. पेज न्यायची, ज्याचं कोणी नाही त्याच्याशेजारी बसायचं. तिथे एकदा मी आमच्या एका आजीसाठी हळू आवाजात गाथा म्हणत होते. पलीकडच्या खाटेवर खाडीकडचे एक आगरी बाबा होते, जन्म मिठागरात गेलेला, पायांची कातडी मिठाने फाटलेली. ते म्हणाले, "बाय, माज्यासाटी पन बोल की गो कायतरी." मी म्हटलं, बाबा, हे आमच्यातलं आहे. ते म्हणाले, "आसूंदे. आवाज बरा लागतो." मग त्यांच्यासाठीही म्हटलं. शेवटी आमच्या आजी "साधु, साधु" म्हणाल्या आणि बाबा "हरी, हरी". दोघांनाही शांत झोप लागली. माझ्या कामाचं याहून मोठं प्रशस्तिपत्रक मला मिळालेलं नाही.

हे सगळं सांगितलं ते मला ज्यांच्याविषयी लिहायचंय त्यांच्यापर्यंत यायला. अनुसयाकाकी. पेणजवळच्या जिते गावच्या. त्यांच्याकडे जाऊन मी माझं काम खरं शिकले, शिबिरात नव्हे.

अनुसयाकाकींना एकच मुलगा, मिलिंद. तो पेणला गणपतीच्या कारखान्यात कामाला होता आणि मूर्तीचे डोळे रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. विहारातले काही कडक लोक कुरकुर करायचे, बौद्धाचा मुलगा आणि गणपतीचे डोळे रंगवतो. मी म्हणायचे, तो डोळे रंगवतो, आरती म्हणत नाही, आणि तुम्ही ज्या कंपनीत जाता तिथल्या मशीनची दसऱ्याला पूजा होते तेव्हा पेढा कोण खातं? त्यावर कुरकुर थांबायची. मिलिंद हे ऐकून नुसता हसायचा. त्याच्या नखांत कायम काळा रंग असायचा. बायको शीतल, आणि एक लहान मुलगी, सुजाता, तेव्हा नुकती चालायला लागलेली.

श्रावणात एका दिवशी कारखान्याचा टेम्पो मूर्ती घेऊन रोह्याकडे निघाला. पाऊस लागलेला. मूर्ती हलू नयेत म्हणून मिलिंद मागे त्यांना धरून बसला होता. रोह्याच्या अलीकडे एका बुटक्या पुलावरून पाणी जात होतं, त्यात टेम्पो वाहिला. ड्रायव्हर झाडाला अडकून वाचला. टेम्पो दुसऱ्या दिवशी खाली सापडला, रिकामा. शाडूच्या मूर्ती विरघळून गेल्या होत्या. मिलिंद सापडला नाही.

शोध बरेच दिवस चालला. विहाराचे मोठे टोप आम्ही नदीकाठी नेले आणि शोधणाऱ्यांसाठी खिचडी शिजवत राहिलो. पोलीस होते, पण खरी नदी जाणणारी माणसं म्हणजे काठच्या आदिवासी वाडीवरची. ती पाण्यात उतरायची, मुळांखाली हात घालून बघायची, थंडीने काकडत वर येऊन खिचडी खायची आणि पुन्हा उतरायची. शेवटच्या दिवशी त्यांच्यातला एक वयस्कर माणूस काकींसमोर येऊन बसला आणि खाली मान घालून म्हणाला, "आये, नदीत आसता तर आमाला गावला आसता."

त्या माणसाला म्हणायचं होतं, आम्ही कसूर केली नाही. काकींनी ऐकलं ते वेगळं. नदीत नाही, म्हणजे दुसरीकडे कुठेतरी आहे. त्या दिवसापासून त्या रडायच्या थांबल्या.

काही महिने गेल्यावर शीतलचे वडील माझ्याकडे आले. मुलीचं वय लहान, पदरात पोर, घरात सासू-सून दोघीच. पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसासाठीचा विधी, आणि त्यातलं जलदान होऊन जाऊ दे, म्हणजे पोरीला पुढचा विचार करता येईल, असं त्यांचं म्हणणं. त्यात वाईट काही नव्हतं. काकींना विचारलंत का, असं मी विचारलं. "त्या नाय म्हनाल्या नाहीत," ते म्हणाले. मी जित्याला जाऊन काकींना विचारलं, तर त्या मान हलवून उठून गेल्या. ती मान होकाराची होती की नुसतीच हलली होती, हे मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. पण माणसं जमली, पांढऱ्या चादरी अंथरल्या गेल्या आणि मी पिशवी उघडली.

जलदान म्हणजे काय, ते सांगते. ताटलीत रिकामा पेला ठेवायचा. घरच्या सगळ्यांनी मिळून तांब्याला हात लावायचा आणि बारीक धार धरून पेल्यात पाणी ओतायचं. मी गाथा म्हणत असते. पेला भरतो, मग काठावरून पाणी ताटलीत उतरतं. पाणी जसं वरून खाली पोचतं तसं आपण केलेलं पुण्य गेलेल्या माणसाला पोचो, एवढाच त्याचा अर्थ. या एका क्षणाला माणसं मोकळी होतात. तोवर कोरडे राहिलेले डोळेही धार संपताना भरून येतात. गेलेला माणूस खरंच गेला, हे घराला त्या धारेतून कळतं.

मिलिंदच्या फोटोसमोर मी पेला मांडला. शीतल पुढे बसली, तिचे वडील बसले, मांडीवर सुजाता. मी काकींना म्हटलं, "काकी, तुम्ही पहिला हात लावा."

काकी पुढे आल्या. तांब्या उचलला. वर धरला. आणि तोंडाला लावून सगळं पाणी पिऊन टाकलं. घटाघट, एक थेंब खाली पडू न देता. मग तांब्या उपडा करून माझ्यासमोर ठेवला आणि पदराने तोंड पुसलं.

"तहान लागली व्हती," त्या म्हणाल्या.

शिबिरात याचं उत्तर शिकवलेलं नाही. माणसं माझ्याकडे बघत होती. कोणी म्हणालं, दुसरं पाणी आणा. शीतल सासूकडे बघत होती आणि सासू माझ्याकडे. मी मिलिंदच्या फोटोपुढची मेणबत्ती तेवढी सरळ केली, मंगल मैत्रीची गाथा म्हटली, जी जिवंत माणसांसाठी म्हणतात, आणि सगळ्यांना सांगितलं की जेवून घ्या. शीतलचे वडील माझ्यावर फार रागावले. पुढे दोन वर्षं रस्त्यात दिसले तरी जयभीम घालायचे नाहीत.

त्यानंतर मी सुट्टीच्या दिवशी जित्याला जाऊ लागले. काकी पोह्याचे पापड करायच्या. पेणच्या दुकानांत द्यायच्या. पहिल्या दिवशी मी दारात बसून बोलायला सुरुवात केली, अनित्य वगैरे, जे आम्ही बोलतो. काकींनी पोळपाट माझ्यापुढे सरकवला.

"बोलू नको गो सुमन. लाट."

मी लाटू लागले. माझे पापड बघून त्या म्हणाल्या, "ह्यो काय रायगड जिल्ह्याचा नकाशा लाटलास?" मिलिंद गेल्यानंतर त्या काही गमतीचं बोलल्या ते हे पहिलंच. मी नकाशे लाटत राहिले. पुढे पुढे गोल जमायला लागले. आम्ही तासन् तास लाटायचो आणि मिलिंदचं नाव दोघी काढायचो नाही. त्या अंगणातली उन्हं, खाटेवर वाळणारे पापड, मधूनच जाणारी गाडी, आणि सुजाता एक एक ओला पापड चोरून खाणार, ते सगळं आता डोळ्यांपुढे आलं की वाटतं, माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दुपारी मी दुसऱ्याच्या दुःखाशेजारी बसून काढल्या. हे बरं की वाईट, मला ठरवता येत नाही.

एका दुपारी लाटता लाटता काकींनीच विचारलं, "परदेशी गेलेल्या मानसासाटी दोरा करतात ना?"

त्यांच्या मनात परित्राण पाठ होता. तो आम्ही जिवंत माणसांच्या रक्षणासाठी करतो. पाण्याच्या कलशाला पांढरा दोरा बांधायचा, तो जमलेल्या प्रत्येकाच्या हातातून फिरवायचा, सगळ्यांनी तो धरून बसायचं आणि पाठ झाला की त्याचे तुकडे करून मनगटाला बांधायचे. मी म्हटलं, करतात. "मंग पुनवेला मी येते," त्या म्हणाल्या.

पुढच्या पौर्णिमेला काकी शीतल आणि सुजाताला घेऊन रामवाडीच्या विहारात आल्या. भिंतीकडेला, खिडकीखाली बसल्या. दोरा फिरत फिरत शेवटी त्यांच्या हातात पोचला. मी दोरा तोडायला गेले तर त्या म्हणाल्या, "थांब. जरा जास्त सोड." मी सोडला. काकी उठल्या, दोऱ्याचं टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि पुन्हा येऊन बसल्या. खिडकी रस्त्याच्या बाजूची होती. पाठ संपल्यावर खिडकीजवळचा तुकडा त्यांनी स्वतः सोडवला, गुंडाळी केली आणि कनवटीला लावली.

त्या दर पौर्णिमेला यायच्या. पावसात यायच्या, ताप असला तरी यायच्या. दोरा खिडकीला बांधायच्या आणि तुकडा घरी न्यायच्या. घरी मिलिंदच्या रंगाच्या ब्रशांचा डबा होता, त्याच्यात हे तुकडे ठेवलेले मी बघितलेत. विहारातल्या एका नव्या पदाधिकाऱ्याला हे पटलं नाही, धम्मात असं काही नाही म्हणाला. मी म्हटलं, धम्मात खिडकीही नाही, ती विहार बांधताना गवंड्याने ठेवली. पण मला आतून धाकधूक होती. मी काकींना दिलासा देतेय की त्यांचं दुःख पाण्यावर ठेवून ताजं करतेय, हे मला ठरवता येत नव्हतं.

कारण त्या दोऱ्याच्या या टोकाला शीतल होती. तिला मी आमच्या कंपनीत पॅकिंगला लावून घेतलं होतं. ती जित्याला गाडीत चढायची, मी पेणला, रोह्यापर्यंत सोबत. सुजाता शाळेत जाऊ लागली. बेपत्ता माणसाला मृत धरायला कायद्याने सांगितलेली सात वर्षं उलटली, कागदपत्रंही झाली, पण घरात कागदाला कोण विचारतं? मेंटेनन्समध्ये संदेश नावाचा मुलगा होता, नागोठण्याचा, शांत, बायको आजारपणात गेलेली. पॅकिंगचं मशीन बिघडलं नसलं तरी तो तपासायला यायचा. पॅकिंगच्या बायकांना काय ते समजलं होतं, फक्त ती दोघंच एकमेकांना ताई आणि दादा म्हणायची.

शेवटी एकदा कासूच्या पुढे गाडी थांबून राहिली होती तेव्हा शीतल बोलली. "मावशी, त्यांनी विचारलंय. मला व्हय म्हणायचंय. पण आईंनी दोरा बांधलाय तोवर मी कशी जाऊ? मी गेले म्हंजे ते मेले असं मीच ठरवलं, असं नाय का व्हनार?"

"तू सांगितलंस का त्यांना?"

"नाय. तुम्ही सांगा. त्या तुमचं ऐकतात."

मी जित्याला गेले आणि पापड लाटून परत आले. पुन्हा गेले, पुन्हा लाटून आले. एकीला मोकळं करायचं तर दुसरीच्या हातातला दोरा मी तोडायचा. मला तो अधिकार कोणी दिला? आणि न तोडावा तर एक तरुण बाई माझ्या डोळ्यांदेखत जित्याच्या त्या खोलीत म्हातारी होणार.

त्या वर्षी वर्षावासाला आमच्या विहारात विदर्भाकडचे एक भन्ते होते. वर्षावासात भन्ते पावसाळाभर एकाच ठिकाणी राहतात, त्यामुळे त्यांना हवं तेव्हा गाठता येतं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ते एखादं सूत्र सांगतील. भन्ते पेरू खात होते. म्हणाले, "बाई, तुम्ही कायले सांगता? त्या पोराले पुनवेले बोलवा. दोरा धरून बसू द्या."

"आणि मग?"

"मग काय, दोरा धरला की मानूस दिसतेच ना."

मला हे फारच सोपं वाटलं. पण दुसरं काही सुचत नव्हतं. आश्विन पौर्णिमेला, वर्षावास संपतो त्या दिवशी, मी संदेशला बोलावलं. तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला आणि अगदी मागे, चपलांजवळ बसला. विहार भरलेला होता. खिरीचा वास येत होता. शीतलचा चेहरा बघवत नव्हता.

दोरा फिरू लागला. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात, शीतलच्या, सुजाताच्या, मग काकींच्या. काकी नेहमीप्रमाणे उठल्या. खिडकीकडे निघाल्या आणि मध्येच थांबल्या. मागे वळून त्यांनी चपलांजवळ बसलेल्या त्या मुलाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सुनेकडे बघितलं. शीतलने मान खाली घातली. बायकांना अशा गोष्टी कोणी सांगाव्या लागत नाहीत. काकींना ते आधीपासून माहीत असावं, मीच मूर्खासारखी पापड लाटत बसले होते.

काकी संदेशसमोर जाऊन उभ्या राहिल्या. तो गडबडून उभा राहायला लागला.

"बस," त्या म्हणाल्या. "हात पुढं कर."

त्याने हात पुढे केला. काकींनी त्याच्या हातात दोरा दिला आणि त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली. मला वाटलं, संपलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. मी दोरा तोडायला हात घातला.

"सुमन," काकी म्हणाल्या, "तोडू नको गो. आजून सोड. खिडकीपतूर पुरला पायजे."

मी रीळ सोडलं. संदेशच्या मुठीतून पुढे दोरा गेला आणि खिडकीच्या गजाला बांधला गेला. भन्तेंनी पाठ सुरू केला. माझा आवाज त्या दिवशी लागला नाही, मी नुसते ओठ हलवत होते.

लग्न मीच लावलं. सासूने सुनेचं कन्यादान वगैरे आमच्यात काही नसतं, पण काकी शीतलच्या बाजूला आईच्या जागी उभ्या होत्या, नवी साडी नेसून. शीतल आणि संदेश सुजाताला घेऊन नागोठण्याला राहायला गेले. "म्हातारीला एकटी ठेवायची नाय," असं संदेश म्हणाला, तर काकींनी त्याला बजावलं, "मी हितंच. मिलिंद आला तर घर बंद नको." पण पौर्णिमेला सगळी मिळून यायची. सुजाता आजीशेजारी बसायची, आणि आजीचे गुडघे धरायला लागल्यावर टोक खिडकीला बांधायचं काम तिच्याकडे आलं.

गेल्या उन्हाळ्यात अनुसयाकाकी गेल्या. दुपारी पापड वाळत घालून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. लांबचं काम मी सोडलं होतं तरी त्यांच्यासाठी पिशवी खिळ्यावरून काढली. रिक्षा केली आणि जित्याला गेले.

त्याच खोलीत मी ताटली ठेवली, पेला ठेवला. शीतल, संदेश, सुजाता पुढे बसले. सुजाता आता कॉलेजला जाते, हुबेहूब बापासारखे लांब बोटांचे हात. तिघांनी तांब्या धरला. मी गाथा म्हणू लागले. पेला भरला, काठावरून पाणी उतरलं, शीतल ओक्साबोक्शी रडली. मी पुष्कळ घरांत कोरड्या डोळ्यांनी उभी राहिले आहे, ते कामच आहे. त्या दिवशी माझ्याने ते झालं नाही.

तांब्यात थोडं पाणी उरलं होतं. शीतलने डोळे पुसले, भिंतीवरच्या मिलिंदच्या फोटोकडे बघितलं आणि हळूच मला विचारलं, "मावशी, आता त्यांच्यासाठी पन ओतायचं का? आता आई नायत. मनात तेवढं राहून गेलंय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तिचं काही चुकत नव्हतं. इतक्या वर्षांनी कोणाला दुखवायचंही राहिलं नव्हतं. मी पेला रिकामा करून पुन्हा ताटलीत ठेवला आणि सुजाताला म्हटलं, "बाळा, तुझे वडील. तू सांग. पहिला हात तुझा."

सुजाताने तांब्या उचलला. पेल्यावर धरला. पेल्याकडे ती बघत राहिली, मग आईकडे, मग आजीच्या रिकाम्या अंथरुणाकडे. आणि तिने तांब्या तोंडाला लावला.

संदेशने शीतलच्या पाठीवर हात ठेवला. सुजाताने तांब्या उपडा करून माझ्यासमोर ठेवला आणि ओढणीने तोंड पुसलं.

"तहान लागली होती," ती म्हणाली. मग विचारलं, "मावशी, पौर्णिमेचं रीळ मी आणू?"